दुकानाला एक स्टार मिळाला? ऑनलाइन बदनामी कशी हाताळायची, समजून घ्या



समजा घरचं मिसळीचं दुकान आहे. रविवारी रात्री गल्ला मोजून झाला, शटर अर्धं खाली आलं आणि फोनवर गूगलचं नोटिफिकेशन वाजलं. नवीन रिव्ह्यू, एक स्टार. 'पार्सलमध्ये पाव कमी, रस्सा थंड, काउंटरवरचा मुलगा उर्मट. पुन्हा येणार नाही.' बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात आणि म्हणतात, "कोण आहे हा? लिही त्याला..." पुढे ते जे सांगतात ते लिहायचं की नाही, हे तुम्हाला ठरवायचं असतं. दुकान बाबांचं, पण ॲप तुमच्या फोनमध्ये.

आज अनेक घरांत हीच परिस्थिती आहे. खानावळ असो, पार्लर असो, क्लास असो, मोबाईल रिपेअरिंग असो की बहिणीचा इन्स्टाग्रामवरचा केकचा व्यवसाय, ऑनलाइन बाजू घरातलं तरुण माणूस बघतं. पैसे घेऊन 'खराब रिव्ह्यू गायब करून देतो' म्हणणारे एजंटही याच माणसाला मेसेज टाकतात. म्हणून हा लेख तुमच्यासाठी. रिव्ह्यू आला, व्हिडिओ फिरला, कमेंटमध्ये शिव्या पडल्या, तर नेमकं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते बघूया.

एका स्टारने किती फरक पडतो?

आधी घाबरायचं किती ते ठरवू. गणित समजायला साधी सरासरी धरू. दुकानाला एकूण १८ रिव्ह्यू आहेत आणि सगळे मिळून ८३ स्टार. म्हणजे सरासरी ४.६. आता एक स्टारचा एक रिव्ह्यू आला की १९ रिव्ह्यू, ८४ स्टार, सरासरी ४.४. एका रात्रीत ०.२ पॉइंट खाली. परत ४.६ दिसायला पाच स्टारचे सलग सहा रिव्ह्यू लागतील.

आता शेजारच्या दुकानाला २०० रिव्ह्यू आहेत, एकूण ९२२ स्टार. त्यांचीही सरासरी ४.६. त्यांना तोच एक स्टार मिळाला तर आकडा ४.५९ होतो, आणि ॲपमध्ये दिसतो ४.६ च. त्यांच्या मालकाला झोप लागते, तुमच्या बाबांना लागत नाही. फरक मिसळीच्या चवीचा नाही, फरक रिव्ह्यूंच्या संख्येचा आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी याकडे परत येऊ.

रेटिंगचा धंद्यावर परिणाम होतो का? होतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या हॉटेलांचा अभ्यास केला होता. येल्प नावाच्या रिव्ह्यू ॲपवर एक पूर्ण स्टार वाढला की हॉटेलची कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे हा परिणाम स्वतंत्र, छोट्या हॉटेलांवर होता. मोठ्या साखळी ब्रँडवर तो दिसला नाही. सरळ आहे, मोठ्या ब्रँडचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. तुमचं नाव नवख्या माणसाला फक्त त्या पिवळ्या चांदण्यांवरून कळतं.

उत्तर लिहिण्याआधी एक काम

रिव्ह्यू वाचल्यावर पहिला प्रश्न 'काय उत्तर देऊ' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हे खरं आहे का?'

आपल्या मिसळीच्या दुकानात हे शोधणं अवघड नाही. रविवारी दुपारी पार्सल कोण बांधत होतं? त्या दिवशी पाव संपत आले होते का? गॅसचं सिलिंडर मध्येच बदललं का? काउंटरवरच्या पोराला विचारा, पण ओरडून नाही, नाहीतर तो खरं सांगणार नाही. यूपीआयचे व्यवहार बघा, वेळ जुळते का पाहा. दहापैकी बऱ्याच वेळा तक्रारीत निदान अर्धं तरी खरं निघतं, आणि ते अर्धं मान्य करायला मालकाला सगळ्यात जड जातं.

कधी कधी गैरसमज असतो. एकाच नावाची दोन दुकानं असतात आणि माणूस भलत्याच दुकानाला स्टार देऊन मोकळा होतो. कधी रिव्ह्यू खोटा असतो: ज्या दिवशी दुकान बंद होतं त्या दिवसाचा, किंवा ज्या पदार्थाबद्दल लिहिलंय तो तुम्ही विकतच नाही. आणि कधी थेट खंडणीचा प्रकार असतो. या सगळ्यांना एकच औषध चालत नाही, म्हणून आधी ओळख पटवायची. त्यासाठी एक रात्र गेली तरी चालेल. रागाच्या भरात रात्री साडेअकराला लिहिलेलं उत्तर सकाळी डिलीट करता येतं, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो.

हे उत्तर नक्की कुणासाठी लिहायचं?

इथे बहुतेक दुकानदारांची गफलत होते. त्यांना वाटतं, उत्तर त्या चिडलेल्या गिऱ्हाईकाला द्यायचंय. त्याला ते मिळतंच, गूगल त्याला कळवतं. पण तो एकच माणूस. पुढचे सहा महिने ते उत्तर वाचणारे असतात ते म्हणजे 'जवळपास चांगली मिसळ' शोधणारे अनोळखी लोक. त्यांनी तुमची मिसळ खाल्लेली नाही, तुम्हाला पाहिलेलं नाही. ते फक्त एवढंच बघतात की इथे काही चुकलं तर हे लोक कसे वागतात.

बाबांनी सांगितलेलं उत्तर साधारण असं असतं: 'आमच्याकडे रोज दोनशे लोक खाऊन जातात, कुणाची तक्रार नाही. तुम्हालाच चव कळत नसेल. फुकट बदनामी करू नका.' आता हे त्या अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. त्याला पाव कमी गेले की नाही हे कळलं नाही. पण काउंटरवरचा मुलगा उर्मट आहे, हे मात्र पटलं, कारण मालकच तसा बोलतोय!

त्याऐवजी असं लिहून बघा: 'नमस्कार. रविवारी तुमच्या पार्सलमध्ये पाव कमी गेले, ही आमची चूक. गर्दीत मोजायचं राहून गेलं. रस्साही गरम जायला हवा होता. कालपासून पार्सल गिऱ्हाईकासमोर मोजून देतोय. दुकानाच्या नंबरवर एक मेसेज करा, राहिलेल्या पावांचे पैसे परत करतो.' पाच-सहा छोटी वाक्यं. काय चुकलं, का चुकलं, आता काय बदललं, आणि पुढचं बोलणं कुठे करायचं. बस.

यात 'कालपासून मोजून देतोय' हे वाक्य खरं असलं पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात काहीच बदललं नाही आणि फोनवर गोड उत्तर टाकलं, तर पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा येते, आणि या वेळी खाली तुमचं जुनं आश्वासनही लटकत असतं. उत्तर लिहिणं हे शेवटचं काम. त्याआधीचं काम दुकानात करायचं असतं, फोनवर नाही.

काही गोष्टी मात्र टाळाच. गिऱ्हाईकाचा फोन नंबर, बिल, पत्ता, त्याने उधारी ठेवली होती वगैरे जाहीर लिहू नका. तुमचं बरोबर असलं तरी वाचणाऱ्याला वाटतं, उद्या माझीही माहिती हे अशीच चव्हाट्यावर मांडतील. प्रत्येक रिव्ह्यूखाली तेच तेच 'गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपला अभिप्राय मोलाचा आहे' चिकटवू नका, ते कुणी वाचत नाही. आणि 'रिव्ह्यू काढा, पुढची मिसळ फ्री' हा सौदा तर मुळीच नको. रिव्ह्यू लिहायला, बदलायला किंवा काढायला पैसे, सूट, फ्री वस्तू देणं गूगलच्या नियमात बसत नाही. पकडलं गेलं तर रिव्ह्यू काढले जाऊ शकतात, प्रोफाइलवर निर्बंधही येऊ शकतात. आधी मनापासून तक्रार सोडवा. समाधान झालं तर माणूस आपणहून रिव्ह्यू बदलतो, तशी सोय त्याच्याकडे असते. नाही बदलला तरी तुमचं उत्तर तिथे आहेच.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं?

ही फक्त गल्लीतल्या दुकानाची अडचण नाही. ज्यांच्याकडे वकील, जाहिरात एजन्सी, करोडो रुपये आहेत, तेही इथे आपटलेत. आणि त्यांच्या गोष्टी नीट पाहिल्या तर आपल्याला फुकट शिकायला मिळतं.

एप्रिल २००९. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं कॉनोव्हर नावाचं गाव. तिथल्या डॉमिनोजच्या दुकानात दोन कर्मचाऱ्यांनी खाण्याशी किळसवाणे चाळे करतानाचा व्हिडिओ काढला आणि यूट्यूबवर टाकला. त्यांच्या मते ती मस्करी होती, ते खाणं कुणाला दिलंच नाही. पण काही दिवसांतच दहा लाखांवर लोकांनी तो बघितला. व्हिडिओत दुकान कुठलं ते सांगितलेलं नव्हतं, ते इंटरनेटवरच्या लोकांनीच शोधून काढलं. कंपनी सुरुवातीला थोडी थांबली. आपण बोललो तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल, असा विचार होता. विचार चुकीचाच होता असं मी म्हणणार नाही, छोट्या गोष्टींत तो बरोबरही ठरतो. पण इथे आग आधीच पसरली होती.

मग कंपनीच्या अमेरिकेतल्या कारभाराचे प्रमुख पॅट्रिक डॉयल कॅमेऱ्यासमोर बसले आणि माफीचा व्हिडिओ काढला. तो कुठे टाकला? वर्तमानपत्रात नाही, टीव्हीवर नाही, यूट्यूबवरच. जिथे बदनामी तिथेच उत्तर. त्यात त्यांनी ते दोघे नोकरीवरून काढले, दुकान बंद करून स्वच्छ केलं, असं थेट सांगितलं आणि ज्या लोकांनी हे लक्षात आणून दिलं त्यांचे आभारही मानले.

पण मला जास्त आवडणारी गोष्ट त्यानंतरची आहे. किळसवाण्या व्हिडिओबरोबर आणखी एक जुनी कुरकुर होती: डॉमिनोजचा पिझ्झा चवीला बरा नाही. लोक म्हणायचे, बेस पुठ्ठ्यासारखा लागतो, सॉस केचपसारखा. कंपनीने २००९ च्या शेवटी ही टीका लपवली नाही, उलट आपल्याच जाहिरातीत दाखवली! आमचे गिऱ्हाईक असं म्हणतात, आणि म्हणून आम्ही बेस, सॉस, चीज सगळं नव्याने बनवलं, अशी ती जाहिरात होती. आणि पिझ्झा खरोखरच बदलला होता. २०१० च्या पहिल्या तीन महिन्यांत अमेरिकेतल्या त्यांच्या जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा १४.३ टक्क्यांनी वाढली. पुढे २०११ मध्ये तर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोठ्या स्क्रीनवर त्यांनी गिऱ्हाईकांच्या कमेंट दाखवल्या, वाईट कमेंटसुद्धा. एवढं धाडस आपल्या मिसळवाल्याने करायची गरज नाही, पण 'मोजून देतोय' हे त्याचंच छोटं रूप आहे.

आता उलटं उदाहरण. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने नेस्लेच्या किटकॅटवर एक व्हिडिओ काढला. पाम तेलासाठी इंडोनेशियातली जंगलं तोडली जातात आणि ओरांगउटान मरतात, हा आरोप होता. कंपनीने कॉपीराइटचं कारण देऊन तो व्हिडिओ यूट्यूबवरून काढायला लावला. झालं, लोकांनी तो दहा ठिकाणी पुन्हा टाकला. लोक नेस्लेच्या फेसबुक पेजवर येऊन भांडायला लागले, तर पेज सांभाळणाऱ्या माणसाने त्यांना टोमणे मारत उत्तरं दिली आणि कमेंट डिलीट करायच्या धमक्या दिल्या. बातमी जंगलाची होती, ती आता कंपनीच्या उद्धटपणाचीही झाली. शेवटी त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने तेल कुठून येतं हे तपासण्यासाठी एका बाहेरच्या संस्थेशी करार केला. हे मार्चमध्येच केलं असतं तर? पेजचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याने ही गोष्ट विसरू नये.

दाबायला जाल तर उसळेल

दाबल्यामुळे गोष्ट जास्त पसरते, याला इंटरनेटवर एक नावच आहे: स्ट्रायसँड इफेक्ट. २००३ मध्ये अमेरिकन गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँड यांनी एका फोटोग्राफरवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला. त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी हजारो फोटो काढले होते, त्यातल्या एका फोटोत त्यांचा बंगला होता. दावा लावण्याआधी तो फोटो फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन तर त्यांच्याच वकिलांनी केलेले. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोकांनी त्या साइटला भेट दिली. दावाही त्या हरल्या. २००५ मध्ये माइक मॅसनिक या ब्लॉगरने या प्रकाराला त्यांचं नाव दिलं आणि ते चिकटलं.

आपल्याकडे 'वकिलाची नोटीस पाठवतो' हे वाक्य फार स्वस्त झालंय. खरी तक्रार लिहिणाऱ्याला नोटीस पाठवली की तो नोटिशीचा फोटो काढून स्टोरीला टाकतो. झाला तमाशा. कायद्याचं म्हणाल तर बदनामीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे. पण लोकांच्या हितासाठी सांगितलेली खरी गोष्ट त्यातून वगळलेली आहे. काही लोक अजूनही 'आयटी ॲक्टचं ६६ए लावीन' असं धमकावतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलंय. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती, २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली तेव्हा.

मग तुम्ही बरोबर असाल तर?

हा अवघड भाग आहे. तक्रार खोटी आहे, तुमच्याकडे पुरावा आहे, तरी लोक ऐकत नाहीत. २०१५ ची मॅगीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी उन्हाळ्यात मॅगीत शिसं जास्त आहे आणि 'एमएसजी घातलेलं नाही' असं पाकिटावर लिहूनही ते सापडलं, ही बातमी देशभर पसरली. कंपनी बराच काळ मोजकंच बोलली, आणि जे बोलली ते लॅबच्या भाषेत. इकडे आयांना एवढंच विचारायचं होतं, 'पोराला देऊ की नको?' ५ जूनला एफएसएसएआयने माल परत घ्यायचा आदेश काढला. मग १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची नीट संधी दिली नव्हती आणि तपासणीच्या लॅबही मान्यताप्राप्त नव्हत्या, असं न्यायालयाने म्हटलं आणि तीन लॅबमध्ये नव्याने तपासणी करायला सांगितली. त्यात शिसं मर्यादेतच निघालं. नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानात परतली. म्हणजे न्यायालयात जिंकूनही पाच महिने गेलेच.

छोट्या धंद्याला पाच महिने परवडत नाहीत. म्हणून पुरावा लोकांच्या भाषेत आणि लवकर द्यायचा. समजा गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या दुकानाच्या नावाने झुरळाचा व्हिडिओ फिरतोय आणि तो तुमचा नाहीच. टाइल्स वेगळ्या आहेत, भांडी वेगळी आहेत. व्हॉट्सॲपवर गूगलसारखं खाली उत्तर देता येत नाही, कुठल्या ग्रुपमध्ये काय चाललंय तेही कळत नाही. तिथे एकच गोष्ट चालते: पुढे पाठवता येईल असं उत्तर. मोबाईलवर तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. बाबा स्वतः बोलू देत. 'हे माझं स्वयंपाकघर, या माझ्या टाइल्स, फिरतोय तो व्हिडिओ इथला नाही. कुणीही येऊन आत बघा.' सुरुवातीला तारीख बोला, कारण जुने फॉरवर्ड वर्षभराने पुन्हा उगवतात आणि तेव्हा लोकांना कळायला हवं की हे आधीच निकाली निघालंय. भिंतीवरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबरही दिसू दे. मूळ बदनामीचा व्हिडिओ मात्र तुमच्या उत्तरात जोडू नका, नाहीतर तुम्हीच तो पसरवाल.

आणि झुरळ खरंच तुमच्याकडचं असेल तर हा व्हिडिओ काढू नका. दुकान दोन दिवस बंद ठेवा, पेस्ट कंट्रोल करून घ्या, आणि मग तेच सांगा.

खोटा रिव्ह्यू रिपोर्ट कसा करायचा?

पहिली गोष्ट: मालकाला रिव्ह्यू डिलीट करता येत नाही. तो काढू शकतो लिहिणारा किंवा गूगल. 'माझी गूगलमध्ये ओळख आहे, पाच हजारांत काढून देतो' म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा.

ज्या अकाउंटवरून दुकानाचं प्रोफाइल चालतं त्याने लॉगिन करा, रिव्ह्यू उघडा, बाजूच्या तीन टिंबांवर टॅप करा आणि रिपोर्टचा पर्याय निवडा. कारण विचारलं जातं: विषयाशी संबंध नाही, हितसंबंध आहेत, शिवीगाळ, द्वेष, खासगी माहिती वगैरे. जे खरं आहे तेच निवडा. 'मला पटलं नाही' हे कारण गूगल धरत नाही. गिऱ्हाईक खरं आणि तुम्ही खरे, असा वाद असेल तर गूगल पंच म्हणून मध्ये पडत नाही. तपासायला काही दिवस जातात, आणि नकार आला तर एकदा अपील करता येतं. तोवर खाली शांतपणे एवढं लिहा: 'या तारखेला आमचं दुकान बंद होतं. आपण दुसऱ्या दुकानाबद्दल लिहिलंय का, कृपया पाहावं.' वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

इन्स्टाग्रामवर तुमच्या पोस्टखालच्या कमेंट तुम्हाला काढता येतात, म्हणून मोह जास्त होतो. शिव्या, जातीवरून बोलणं, बाईमाणसाला घाणेरडं लिहिणं, हे बिनधास्त काढा. 'हिडन वर्ड्स' सेटिंगमध्ये मराठी शिव्याही टाकून ठेवता येतात, त्या कमेंट आपोआप लपतात. पण 'ताई, केकवर नाव चुकलं होतं' ही कमेंट काढू नका. काढलीत तर पुढची पोस्ट स्क्रीनशॉटसकट त्या गिऱ्हाईकाच्या स्टोरीवर येईल.

पैसे मागितले तर?

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतल्या नामांकित हॉटेलांवर अचानक एक स्टारचे रिव्ह्यू पडायला लागले, कुठलंही कारण न लिहिता. मागोमाग ईमेल: ७५ डॉलरचं गूगल प्ले गिफ्ट कार्ड पाठवा, नाहीतर रोज एक स्टार. आपल्याकडे हाच मेसेज व्हॉट्सॲपवर येऊ शकतो, गिफ्ट कार्डाऐवजी यूपीआय आयडीसह.

पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की तुमचा नंबर 'देणाऱ्यांच्या' यादीत जातो. मेसेज, नंबर, रिव्ह्यू, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट काढा, चॅट डिलीट करू नका. प्रत्येक खोटा रिव्ह्यू रिपोर्ट करा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. धमकी देऊन पैसे मागणं हा खंडणीचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. खरी नोटीस, खरी पोलिस तक्रार इथे करायची, पाव कमी मिळाले म्हणणाऱ्यावर नाही.

आता त्या १८ रिव्ह्यूंकडे परत

वरचं गणित आठवा. २०० रिव्ह्यूवाल्याला एक स्टार बोचत नाही. मग रिव्ह्यू वाढवायचे कसे? मित्रांच्या ग्रुपवर 'सगळ्यांनी पाच स्टार द्या रे' टाकून नाही. एकाच दिवशी, दुसऱ्याच शहरातून, मिसळ न खाल्लेल्या पंधरा जणांचे रिव्ह्यू आले की गूगलची यंत्रणा ते ओळखू शकते, आणि वाचणाऱ्यालाही वास येतो. घरच्यांचे, नोकरांचे रिव्ह्यूही नियमात बसत नाहीत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही काढलंय, रोख याच खोट्या कौतुकावर आहे.

सरळ मार्ग हळू आहे पण चालतो. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून पैसे देण्याच्या क्यूआरच्या शेजारी लावा. फक्त खूश गिऱ्हाईकालाच नाही, सगळ्यांना सांगा. निवडून विचारणंही गूगलला चालत नाही. आणि त्याच कागदावर मोठ्या अक्षरात दुकानाचा नंबर टाका: 'काही कमी वाटलं तर इथे सांगा.' पाव कमी गेलेल्या माणसाला लगेच ऐकणारं कुणी सापडलं, तर तो बऱ्याचदा गूगलपर्यंत जातच नाही.

हे सगळं करण्याआधी आजच एक तपासून घ्या: दुकानाच्या प्रोफाइलचा मालक कोण आहे? कधीतरी दुकानात आलेल्या एखाद्या एजंटने फुकटात प्रोफाइल बनवून दिलेलं असतं, आणि ते अजून त्याच्याच ईमेलवर असतं. तसं असेल तर गूगलवर मालकी मागायची विनंती टाका. मालकी बाबांच्या ईमेलवर घ्या, स्वतःला मॅनेजर म्हणून जोडा आणि रिव्ह्यूचं नोटिफिकेशन दोघांच्याही फोनवर चालू ठेवा.